दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, तीन लेबले : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पोटॅशियमची औषधे, कमी सोडियमचे मीठ आणि इलेक्ट्रोलाइट पावडरी यांच्या विक्रीच्या ठिकाणी मराठी सूचना बंधनकारक करणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी यावल तालुक्यात मेडिकल चालवणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. आमचा हा पट्टा केळीचा. केळीला पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचे खत, कधी आणि किती सोडायचे हे इथे शाळकरी पोरेही सांगतात. खताच्या गोणीवर 0-0-60 किंवा 10-26-26 हे आकडे (शेवटचा पोटॅशचा) रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येतील एवढे मोठे छापलेले असतात. तेच पोटॅशियम माणसाच्या पोटात जाणार असते तेव्हा मात्र ते नेमके किती आहे, हे लेबलवर शोधून काढायला मला आधी चष्मा आणि मग कागद-पेन्सिल लागते. मला ते गणित येते, कारण मी ते शिकलो आहे. गिऱ्हाइकाला ते येण्याचे कारण नाही.

उदाहरण देतो. पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या सिरपचा 15 मिलिलिटरचा एक डोस म्हणजे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, अर्थात 20 मिलिमोल (सुमारे 780 मिलिग्रॅम) पोटॅशियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्येही हा क्षार दीड ग्रॅमच असतो. आणि ज्या कमी सोडियमच्या मिठात 30 टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले आहे, ते मीठ दिवसभरात 5 ग्रॅम खाल्ले तरी पोटात तेवढेच, दीड ग्रॅम, जाते. वस्तू एकच, मात्राही एकच. पण सिरपवर ती मिलिग्रॅम आणि मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (पोटॅशियमसाठी हे मिलिमोलइतकेच), ओआरएसच्या पुडीवर ग्रॅममध्ये, आणि मिठाच्या पाकिटावर दर्शनी भागात फक्त ‘सोडियम इतके टक्के कमी’ अशी लिहिलेली असते. सोडियमच्या जागी काय घातले, हे पाकीट उलटून बारीक अक्षरांत वाचावे लागते. त्यामुळे सकाळी सिरप, दुपारी पावडर आणि दोन्ही वेळच्या भाजीत हे मीठ घेणाऱ्याला आपण एकच गोष्ट तिसऱ्यांदा घेत आहोत याचा पत्ताही लागत नाही.

पोटॅशियम वाईट नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे साडेतीन हजार मिलिग्रॅम लागते आणि डाळी, पालेभाज्या, बटाटा, नारळपाणी यांतून ते मिळते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम असते. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. म्हणूनच निरोगी माणसाला वेगळ्या सिरपची किंवा गोळीची गरज नसते, हे मी दुकानदार असूनही सांगतो. प्रश्न ज्यांचे मूत्रपिंड थकले आहे त्यांचा आहे, आणि मधुमेह व रक्तदाब घरोघरी पोचल्यामुळे असे लोक आता थोडे राहिलेले नाहीत. रक्तातले पोटॅशियम 3.5 ते 5 मिलिमोल प्रतिलिटर एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावे लागते. ते साडेसहाच्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो, आणि तोपर्यंत थोड्या अशक्तपणापलीकडे त्याला काही जाणवलेलेही नसते.

आता काउंटरवर काय घडते ते पाहा. गिऱ्हाईक औषधाचे नाव घेत नाही. ते ‘मुतखड्याचे सिरप’ मागते, ‘लघवीच्या जळजळीचे सिरप’ मागते, किंवा लेबल पुसून चिकट झालेली जुनी बाटली पुढे ठेवून ‘हेच द्या’ म्हणते. जळजळीसाठी म्हणून जे सिरप चालते त्यात बहुधा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असते, म्हणजे सोडियम. मुतखड्यासाठी डॉक्टर लिहून देतात ते पोटॅशियम सायट्रेट. दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात, बऱ्याचदा रंगही मिळताजुळता, आणि दुकानात माझ्याऐवजी नवखा पोऱ्या असेल तर एकीच्या जागी दुसरी जाणे अवघड नाही. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या रुग्णाला पहिले सिरप सोडियम वाढवून त्रास देते, दुसरे पोटॅशियम वाढवून.

पोटॅशियमचीही दोन मुख्य रूपे आहेत आणि ती आपापसात बदलण्यासारखी नाहीत. उलट्यांमुळे किंवा फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीमुळे पोटॅशियम घटले असेल तर सहसा क्लोराइड लागते. सायट्रेट लघवीचा आम्लपणा कमी करते, म्हणून ते विशिष्ट प्रकारच्या खड्यांवर दिले जाते. लेबलवरचे मिलिग्रॅम इथे आणखी गोंधळ घालतात. सायट्रेटच्या बाटलीवर दर 5 मिलिलिटरला 1100 मिलिग्रॅम आणि क्लोराइडच्या बाटलीवर 500 मिलिग्रॅम लिहिलेले दिसते, तेव्हा पहिले दुपटीहून तेज असावे असे कोणालाही वाटेल. ते आकडे संपूर्ण क्षाराच्या वजनाचे आहेत. प्रत्यक्ष पोटॅशियम पहिल्यात सुमारे 400 आणि दुसऱ्यात सुमारे 260 मिलिग्रॅम भरते. हे हिशेब रुग्णाने करावेत अशी अपेक्षा आपण ठेवतो, आणि तेही इंग्रजी लेबलवरून.

‘लघवीची गोळी’ हाही फसवा शब्द आहे. फ्युरोसेमाइड पोटॅशियम बाहेर टाकते, स्पायरोनोलॅक्टोन ते धरून ठेवते, आणि दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्याही सर्रास चालतात. डॉक्टरांनी गोळी बदलली तरी आधी सुरू केलेले पोटॅशियमचे सिरप घरात चालूच राहते, कारण ते बंद करायचे असते हे चिठ्ठीवर कोणी लिहिलेले नसते. त्यात टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांपैकी रक्तदाबाची गोळी असेल, गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक असेल, मध्येच कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाचा कोर्स झाला असेल, तर पोटॅशियम वर चढवणारी माणसाच्या पिशवीतली औषधे मोजायला एका हाताची बोटे लागतात.

घेण्याच्या पद्धतीकडेही दुर्लक्ष होते. सिरप निम्मा-पाऊण ग्लास पाण्यात मिसळून, जेवणानंतर, सावकाश प्यायचे असते. इथे ते खोकल्याच्या औषधासारखे झाकणातून थेट घशात जाते आणि मग पोटात आग पडते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचे तर विचारूच नका. ‘गोळी मोठी आहे, अर्धी करून द्या’ ही मागणी नित्याची आहे. ती गोळी तोडली, कुटली किंवा चघळली तर तासन्‌तास थोडे-थोडे सुटायचे पोटॅशियम एकदम सुटते आणि जठर-आतड्याला इजा होऊ शकते. अमेरिकेत आतड्याच्या अशाच जखमांचा विचार होऊन बहुतेक पूरक गोळ्यांमध्ये 99 मिलिग्रॅमच पोटॅशियम ठेवले जाते. वरच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहावा.

उन्हाळ्यात, जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून पोटॅशियम मागणारेही वाढतात. घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. पोटॅशियम फार थोडे. त्यांना पाणी, मीठ, सावली आणि गरज पडल्यास खरे ओआरएस हवे. ते खरे कोणते, याचा गोंधळ एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ काढायला लावून बराच कमी केला. नाव आणि लेबल यांवर सरकारने बोट ठेवले की फरक पडतो, याचा हा ताजा दाखला आहे.

मिठाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे भले आणि धोका दोन्ही आहेत. चीनमधील 600 खेड्यांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. पापड, बिबडे, लोणचे आणि शेव यांवर वाढलेल्या आम्हा खानदेशी मंडळींना असे मीठ उपयोगी पडेल, हे मी मान्य करतो. पण जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस करतानाच मूत्रपिंडाचा विकार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना तिच्यातून वगळले. आपल्याकडे एका घरात एकच स्वयंपाक होतो. सुनेने सासऱ्यांच्या रक्तदाबासाठी आणलेले मीठ त्याच घरातल्या डायलिसिसवरच्या माणसाच्या वरणातही पडते, आणि किराणा दुकानदार तर काही विचारणार नाही.

राज्यात अन्न आणि औषध या दोन्ही गोष्टी एकाच प्रशासनाकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. सिरप विकणारा मी आणि मीठ विकणारा किराणावाला, दोघांच्याही परवान्यांवर आपल्याच यंत्रणेचे लक्ष असते. माझी मागणी अशी, की पोटॅशियमची कोणतीही वस्तू जिथे विकली जाते तिथे ठळक मराठी फलक असावा आणि त्यावर एवढेच लिहावे : ‘मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटॅशियमचे सिरप, गोळी किंवा कमी सोडियमचे मीठ घेऊ नका.’ नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात हा मजकूर तिथल्या आदिवासी बोलींतही हवा. मेडिकलमध्ये पोटॅशियमचे सिरप देताना चालू औषधे विचारणे आणि शेवटच्या क्रिएटिनिन तपासणीची (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीची) तारीख बिलावर नोंदवणे सक्तीचे करावे. आम्हा व्यावसायिकांपैकी काहींना ही कटकट वाटेल. मलाही गर्दीच्या वेळी वाटेल.

तपासणीची सोय गावाजवळ नसेल तर ती नोंद कोरीच राहील. म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलून ग्रामीण रुग्णालयांत क्रिएटिनिनसोबत पोटॅशियमचीही तपासणी नियमित मिळेल असे पाहावे. नमुना वाटेत हेंदकाळून रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढलेला येतो, त्यामुळे तपासणी शक्यतो जागेवर व्हावी.

लेबलांचे नियम केंद्राच्या अखत्यारीत आहेत, याची मला कल्पना आहे. तरी सिरप, गोळी, पावडर आणि मीठ या सर्वांवर ‘एका मात्रेत प्रत्यक्ष पोटॅशियम इतके मिलिग्रॅम’ ही एकच ओळ, एकाच एककात, दर्शनी भागावर छापावी अशी शिफारस महाराष्ट्राने केंद्राकडे पाठवावी. फलकाचे काम त्यासाठी थांबवू नये. ते केळीची कापणी आणि लग्नसराई सुरू होऊन पावडरींचा खप वाढण्याआधी, फेब्रुवारीअखेरपर्यंत, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपासून सुरू करता येईल.

आपला नम्र,
एक फार्मासिस्ट,
यावल तालुका, जि. जळगाव