कळंब्याची मरळ आणि एडिसनचा ट्राउट

एडिसन, न्यू जर्सी
२६ मे

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर द्यायचे अजून राहिलेच आहे, आणि ते न देता हे दुसरेच पत्र लिहायला बसलो आहे, याबद्दल वहिनींच्या देखत जे काय बोलायचे ते एकदा बोलून घे. प्रकृती बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात आहे, विषय संपला. लिहायचे कारण निराळे आहे. ईशानने माझ्याबरोबर तळ्यावर यायचे बंद केले आहे, आणि तेही एका माशावरून. इथे कोणाला सांगितले तर हसतील. पण ज्याने आपल्या कळंबा तलावातली मरळ पाहिली आहे तो हसणार नाही, म्हणून तुला लिहितो.

रूझवेल्ट पार्कमधले तळे तू पाहिले आहेस. "याला तळे म्हणतात होय? आमच्या रंकाळ्याचा एक कोपरा याच्याहून मोठा आहे," असे तू तेव्हा माझ्या व्याह्यांसमोर म्हणाला होतास. असू दे. त्या तळ्यात ब्लूगिल आणि पंपकिनसीड हे तळहाताएवढे मासे बारमाही असतात, त्यांची वीण तिथेच होते आणि मरणही तिथेच. ट्राउट मात्र तिथला नाही. वॉरन काउंटीत पेक्वेस्ट येथे सरकारी मत्स्यकेंद्र आहे. तिथे वर्षाला सहा लाखांच्या आसपास ट्राउट वाढवतात आणि वसंतात टाक्यांच्या लॉऱ्यांतून राज्यभरच्या नद्या-तळ्यांत आणून सोडतात. पूर्वी त्यांत तीन जाती असत. २०१३ साली केंद्रात फ्युरुनक्युलोसिस नावाचा रोग शिरला, त्यानंतर ब्राउन आणि ब्रुक या दोन जाती बंद झाल्या आणि आता एकटा रेनबो उरला आहे. सिमेंटच्या हौदात दाणा खाऊन वाढलेला हा मासा आमच्या तळ्यात येतो तो पाहुणा म्हणूनच. वाहते थंड पाणी आणि खडीचा तळ मिळाल्याशिवाय तो अंडी घालत नाही, आणि इथे दोन्ही नाही. शिवाय पाणी २० अंशांच्या वर गेले की तो खंगू लागतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना जेमतेम ८, आणि ट्राउटला नेमका त्याच वेळी जास्त लागतो. आमचे तळे उथळ आहे, सावली बेताची आहे. जुलैत तिथे एकही ट्राउट उरत नाही.

एवढे सगळे सांगायचे कारण पुढे येईलच. मी आता गांडूळ लावून गरवत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्यावरून तू केलेल्या टिंगलीही मला पाठ आहेत. गळाला कृत्रिम माशी बांधायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची, हा इथला प्रकार आहे. तू गोफण चालवली आहेस. तिथे वजन दगडाचे असते. इथे माशीला वजन नसतेच, वजन असते दोरीला. म्हणून दोरी मागे पूर्ण ताणली जाईपर्यंत थांबायचे आणि मगच हात पुढे आणायचा. हे थांबणे मला या वयातही साधत नाही. ईशान नऊ वर्षांचा आहे, त्याला पहिल्याच उन्हाळ्यात साधले. माझे वय सत्तरीपुढचे आणि त्याचे सोळाच्या आतले, त्यामुळे या राज्यात आम्हा दोघांनाही परवाना लागत नाही. आमच्या घराण्यात सरकारला एवढे फुकटात कोणीच कधी पटवले नव्हते.

माशा आम्ही घरीच बांधतो. मोरपिसाचे दोन हिरवे तंतू गळाच्या दांडीवर गुंडाळायचे, त्यांवरून कोंबड्याच्या मानेचे करडे-पांढरे पीस फिरवायचे आणि दोऱ्याची गाठ मारायची. तांदळाच्या दाण्याएवढी ती माशी बांधताना ईशानची जीभ बाहेर येते. परवाच्या शनिवारी सकाळी त्यानेच बांधलेल्या माशीवर ट्राउट आला. काठी माझ्या हातात होती, एवढाच काय तो माझा वाटा. चांगला बारा-तेरा इंचांचा होता. अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा, त्यावर काळ्या ठिपक्यांची रांगोळी. ईशानने हात ओले करून त्याला खालून धरले, तसेच धरायचे असते, आणि म्हणाला, "आजोबा, सोडा ना." मी सोडला नाही. बर्फाच्या पेटीत ठेवला. पलीकडच्या काठावर एक टोपीवाले गृहस्थ नेहमी उभे असतात, त्यांनी "आम्ही इथे मासे मारत नाही" असे पोराला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले. कायद्याने मासा नेता येतो, लॉऱ्या त्यासाठीच येतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण गळ टाकून सगळे पुन्हा पाण्यात सोडणाऱ्यांचा एक सोवळेपणा असतो, आणि तो आपल्या गल्लीतल्या सोवळ्यांहून कमी कडक नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. मे महिन्यात पाणी तापले की ब्लूगिलचा नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने गाळ झाडून ताटाएवढा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि पिले पोहू लागेपर्यंत हा एकटा त्यांवर पहारा देतो. त्या खळग्यावरून माशी गेली की तो भुकेने धरत नाही, रागाने धरतो. तासाभराने तसाच एक नर लागला, छाती नारिंगी, कल्ल्यामागे काळा डाग. मी त्याचा गळ काढला आणि लगेच सोडून दिला. पहारेकरी गेला तर शेजारचेच ब्लूगिल मिनिटभरात अंडी फस्त करतात. ईशान म्हणाला, "याला का सोडलंत?" मी म्हणालो, "त्याचं घर आहे तिथे." त्यावर तो म्हणाला, "मग ट्राउटचं घर नव्हतं?"

अरविंद, मला उत्तर देता आले नाही, कारण खरे उत्तर "नव्हते" हेच आहे. तू तीस वर्षे वर्गात उभा राहिलास, तूच सांग, नऊ वर्षांच्या मुलाला हे कसे सांगायचे? ज्या लॉरीच्या मागे तो टाळ्या वाजवत धावला, त्या लॉरीतला प्रत्येक मासा गळाला लागण्यासाठीच वाढवलेला आहे, आणि जो लागणार नाही तो महिना-दीड महिन्यात कोमट पाण्यात गुदमरून मरणार आहे. त्याने आजवर प्रेमाने सोडलेले सगळे ट्राउटही त्यांतच आले. सून म्हणते, त्याला एवढ्यात सांगू नका. मुलगा म्हणतो, सांगा, शास्त्रच आहे ते. मंगल म्हणते, तुम्ही दोघेही मासा खाता, मग चर्चा कसली करता? तो मासा तिने आले-लसूण, कोकम लावून तव्यावर तळला. मांस फिके होते आणि चव बेताचीच. पहलगामला लिद्दरकाठी खाल्लेल्या ट्राउटची जी टिमकी तू दरवेळी वाजवतोस, त्या चवीचे काही नव्हते. (तोही काश्मीरचा नव्हेच, १९०० साली साहेबाने विलायतेतून आणलेला, हे मी तुला तेव्हाच सांगितले होते.) ईशानने ताटात मान घालून वरणभात खाल्ला आणि उठून गेला.

आता मरळीकडे येतो. कळंब्याला ती मरळ आपण दोघांनी मिळून धरली होती, बेडूक माझा होता, काठी बापूंची होती, आणि काठाशी तिच्या लाल पिलांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसला म्हणून तू मला न विचारता ती सोडून दिलीस. घरी रश्श्याला मसाला वाटून तयार होता. मी तुझ्याशी बोलणे टाकले ते नानांनी मध्यस्थी करेपर्यंत. आज मी तुझ्याच हिशेबाने वागतो आहे: पिलांवरचा सोडायचा आणि जो आज ना उद्या जाणारच आहे तो खायचा. म्हणून तेव्हा तू बरोबर होतास असे मात्र मी म्हणणार नाही. प्रश्न विचारण्याचा होता, माशाचा नव्हता. हाच ब्लूगिल १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराज अकिहितोंना भेट दिला, तो तिथल्या पाण्यात मोकाट पसरला, आणि २००७ साली सम्राट झालेल्या त्या माणसाने त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. सम्राटाला जमले ते तुला अजून जमलेले नाही.

गंमत राहू दे. मला भीती मासा मारल्याची नाही. ज्याला सोडणे हेच पुण्य वाटते आहे, त्या मुलाला सोडलेल्या माशाचे पुढे काय होते ते कळले, तर तो काठी कायमची ठेवून देईल, ही आहे. आणि न सांगावे, तर जुलैत काठाला एखादा पालथा ट्राउट त्याला स्वतःलाच दिसेल. तेव्हा आजोबांना हे माहीत होते, एवढे त्याच्या लक्षात येईलच. तो हुशार आहे, तुझ्यासारखा, माझ्यासारखा नाही.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले ना? शेताच्या वाटणीचे काय झाले, आणि धाकट्याचे पुण्यातले काम टिकले का, ते चार ओळींत कळव. दुसऱ्या नातीची बातमी मंगलला कुमुदकडून कळली, तुझ्याकडून नाही, हे मी लिहून ठेवले आहे.

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो आणि मूळ मुद्दा राहून जातो. पत्रच लिही, ईशानला वाचून दाखवता येईल असे, जुलैच्या आत पोचेल अशा बेताने, आणि त्यात मरळीचे वजन वाढवून सांगू नकोस.

तुझा,
दिगंबर