लोंबीला चिंधी बांधणाऱ्यांचंही लिहा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मागच्या आठवड्यात शेतीतल्या नव्या तंत्रज्ञानावर पूर्ण पान आलं होतं, ड्रोन, मोबाईल ॲप, सेन्सर सगळं होतं आणि ते यावंच, माझा त्याला विरोध नाही. पण पानभर शोधून पण शेतकऱ्याने स्वतः काढलेली एक गोष्ट मला त्यात दिसली नाही. जणू नवीन काही असलं की ते बाहेरूनच येणार आणि आम्ही फक्त ते शिकून घ्यायचं. हे वाचून फार वाईट वाटलं म्हणून लिहायला बसले.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातली, दोन एकर धानाची शेती आहे. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यात नांदेड म्हणून गाव आहे (मराठवाड्यातलं नाही), तिथले दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली पटेल-3 जातीच्या धानाच्या बांधीत (भाताच्या खाचरात) त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, परत निवडल्या, परत लावल्या, असं वर्षानुवर्षं केलं आणि त्यातून तो बारीक धान निघाला ज्याला व्यापाऱ्यांनी त्या वेळच्या घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. आज शहरात हॉटेलात, लग्नात जो एचएमटी तांदूळ शिजतो ना तो हाच. कोणी जाहिरात केली नव्हती, बियाणं पायली-दोन पायलीने सोयऱ्याधायऱ्यांत गेलं आणि विदर्भाच्या बाहेर कधी पोचलं कळलं पण नाही. पुढे 1998 ला अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) त्याच धानाची शुद्ध केलेली जात पीकेव्ही-एचएमटी म्हणून आणली, आणि आपलं श्रेय आपल्याला मिळालं नाही ही खंत दादाजींना शेवटपर्यंत होती. 2018 च्या जूनमध्ये ते गेले. तोवर त्यांनी डीआरके, नांदेड हिरा, विजय नांदेड अशा कितीतरी जाती काढल्या होत्या.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. त्यांची गोष्ट सगळे चमत्कारासारखी सांगतात, गरीब माणूस, तीन लोंब्या, राष्ट्रपतींच्या हातून सत्कार. मधली वर्षं कोणी सांगत नाही, आणि खरं काम तिथंच असतं. लहान शेतकरी पूर्ण बांधीत प्रयोग करूच शकत नाही, फसला तर वर्षभर खायचं काय? म्हणून तो कोपऱ्यात करतो, धुऱ्याजवळ (बांधाच्या कडेला), चार हात जागेत.

माझंच सांगते. तीन वर्षांआधी कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि पूर्ण धान लोळला, फक्त एक चुड (धानाचा झुबका) उभी होती, ठेंगणी आणि दांडा जाड. सासूबाई म्हणाल्या हिला वेगळी ठेव, मी लगेच साडीची किनार फाडून लाल चिंधी बांधली नाहीतर कापणाऱ्या बायांनी ती पण कापलेल्या धानाच्या कडप्यात टाकली असती. पुढच्या वर्षी परे (रोपं) वेगळे टाकले, रोवणी धुऱ्याजवळ केली. निघालं काय तर अर्धी झाडं ठेंगणी, काही उंच, दोन-चार तर लाल कुसळाची. म्हणजे ते कशाचातरी संकर असणार, एका वर्षात एकसारखं होत नाही. परत निवड केली. मागच्या वर्षी बरंच सारखं आलं पण तुडतुडे लागले आणि निम्मं गेलं. शंभरातल्या नव्वद चिंध्या अशाच वाया जात असतील, पण उरलेल्या दहांसाठी कोणीतरी बांधत राहावं लागतं, आणि हे बहुतेक घरात बायाच करतात कारण रोवणी-कापणीला वाकून एकेक झाड त्याच बघतात.

त्या लोंब्या मी एका कार्यालयात दाखवायला नेल्या होत्या. तिथल्या साहेबांनी पहिलं हेच विचारलं की पाकीट कुठंय, कोणत्या कंपनीचं? मी म्हटलं पाकीट नाही, आमच्या बांधीतलंच आहे. मग ते काही बोलले नाहीत, दुसरी फाईल उघडली.

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याने काढलेली जात त्याच्या नावावर नोंदवता येते, शेतकऱ्याला त्याची फी पण नाही. पण जात वेगळी आहे, एकसारखी आहे, दरवर्षी तशीच येते हे दाखवावं लागतं आणि दोन एकरवालीने ते एकटीने कसं करायचं? सोलापूर-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांनी बागेतल्या वेगळ्या काडीवरून सोनाका, तास-ए-गणेश अशा जाती काढल्या पण त्यांच्यामागे बागायतदार संघ आहे, छाटणीला एकमेकांच्या बागेत जाणं आहे. आमच्या धानवाल्यांकडे तसं काही नाही.

माझं एवढंच मागणं आहे की गावोगाव कृषी सहायकाकडे एक साधी वही असावी, कोणाला वेगळं झाड दिसलं तर त्याचं नाव, गाव, वर्ष, काय वेगळं दिसलं हे त्या दिवशीच लिहावं, म्हणजे उद्या ती जात चालली तर मूळ कोणाचं हे भांडत बसावं लागणार नाही. दुसरं, तालुक्याच्या बीजगुणन केंद्रावर दोन-चार वाफे अशा धानासाठी ठेवा, तिथं फसलं तर कोणाच्या घरचं अन्न जात नाही.

आणि आपल्या वार्ताहरांना पाठवता आलं तर दिवाळीच्या आठ दिवस आधी पाठवा. तेव्हा लोंब्या भरलेल्या असतात आणि कापणी सुरू व्हायची असते. यंदा मी सहा ठिकाणी चिंध्या बांधल्यात.

आपली,
एक धान उत्पादक शेतकरी, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर