जुने ग्राफ, जुनी स्केचबुकं रद्दीत घालू नका

सोलापूरकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

शहरात आज काम करणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांच्या मुलाखती आमचं मंडळ रेकॉर्ड करत आहे. कोण कुणाच्या हाताखाली शिकलं, पोट कशावर भरलं, स्वतःचं काम कधी सुरू झालं, एवढंच विचारतो. उत्तरं मात्र आर्ट कॉलेजच्या आधीच सुरू होतात. कुणाचा हात थिएटरच्या बॅनरवर बसला, कुणाचा विणकरांच्या पूर्व भागात जेकार्डचे ग्राफ (मागावर नक्षी विणण्यासाठी चौकटीच्या कागदावर काढलेले आराखडे) भरताना.

बॅनर म्हणजे कापडावर चौकटी आखायच्या, पावडर रंग जवसाच्या तेलात खलायचे आणि परातीएवढा डोळा जवळून रंगवायचा, जो रस्त्यापलीकडूनच डोळा दिसतो! सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा. पुढे फ्लेक्स आला. त्यामुळे मूळ काम जवळपास उरलेलंच नाही. उरले ते फोटो आणि माणसं. वॉल हँगिंगचंही तसंच. विणलेला गणपती घरोघरी दिसतो, पण चौकोन चौकोन भरून त्याचा ग्राफ काढणाऱ्याचं नाव कापडावर नसतं. कॉम्प्युटर आल्यावर ते कागद माळ्यावर गेले, तिथून रद्दीत.

चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, हे आपण अभिमानानं सांगतो. तेही मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवतच पुढे आले. मग आपल्या गल्लीतल्या पेंटरला नुसतं ‘पेंटर’ म्हणून का सोडून द्यायचं? (शाल-श्रीफळ या पेंटर मंडळींना पुष्कळ मिळालंय. त्यात आणखी भर नको.)

सगळ्यात मोठी अडचण जागेची. तरुण मुलं डिप्लोमा करून परत येतात, पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटी कॅनव्हास उभा राहत नाही. मग ती पुणं गाठतात. बंद पडलेला एखादा पॉवरलूमचा शेड, छप्पर गळत नसलेला, कुणी माफक भाड्यानं दिला तर तिथं सामायिक स्टुडिओ आणि या नोंदींचं कपाट दोन्ही होईल. भाडं वर्गणीतून भरू. त्यासाठी जमेल तेवढी मदत द्या; पावती मिळेल, हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल.

पैसे नसतील तर ग्राफ, त्यावरून मागासाठी पंच केलेली कार्डं, बॅनरपुढे काढलेले फोटो, स्केचबुकं द्या. मूळ वस्तू द्यायची नसेल तर आम्ही घरी येऊन स्कॅन करू. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलाखतींसाठी त्या भाषा येणारी दोन-चार मुलंही हवी आहेत. फक्त कागद सरळ करताना इस्त्री फिरवू नका आणि सेलोटेप लावू नका. आहे तसेच द्या.