पॉडकास्ट मुलांना करू द्या

माननीय संपादक,
स. न.

शाळांमधल्या पॉडकास्टविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्याचा सगळा भर शिक्षकांनी धडे रेकॉर्ड करून मुलांना पाठवावेत यावर आहे. आठवीला विज्ञान शिकवताना मी नेमकं तेच केलं आणि तोंडावर आपटले, म्हणून हे पत्र.

40 मिनिटांचा तास जसाच्या तसा रेकॉर्ड करून पाठवला. शेवटपर्यंत ऐकला फक्त तिघांनी, त्यातल्या एकीने दीडपट वेगात. दोष मुलांचा नव्हता. वर्गात मी ‘हे बघा’ म्हणत फळ्याकडे बोट दाखवते. कानाला त्या ‘हे’चा काय पत्ता? शिवाय पुस्तकात डोळा सहज दोन ओळी मागे जातो, ऐकलेलं वाक्य मात्र निघून गेलेलं असतं. लांबलचक, गुंतागुंतीचा मजकूर नुसता ऐकवला की स्मरणावर ताण पडतो, हे जॉन स्वेलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलेलंच आहे. समीकरणं, आकृत्या, नकाशे यांच्या वाटेला पॉडकास्टने जाऊच नये. मुलाखत, वादविवाद, परभाषेतले उच्चार, एखाद्या शोधामागची हकिगत, इथे तो शोभतो.

आवाजातून शिकवणं तसं जुनंच. बीबीसीने शाळांसाठी रेडिओ कार्यक्रम सुरू केले ते 1924 मध्ये. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द आला 2004 मध्ये, पत्रकार बेन हॅमर्स्ली यांच्या ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातल्या लेखात. रेडिओची वेळ गाठावी लागायची, इथे हवं तेव्हा थांबवता येतं, ही सोय आहेच. पण रेडिओ मुलांना फक्त ऐकता येत होता. पॉडकास्ट त्यांना करताही येतो, आणि लेखात नेमकं हेच राहून गेलं.

चौघांच्या एका गटाला मी विषय दिला: डबक्यातलं पाणी उकळत नाही, तरी आटतं कसं? वेळ पाच मिनिटं. पहिल्या खर्ड्यात अर्थातच पुस्तकातली व्याख्या. ती वाचताना एक मुलगा ‘पृष्ठभागावरील रेणू’पाशी तीनदा अडखळला आणि म्हणाला, “बाई, मला हे कळलंच नाहीये.” हीच व्याख्या त्याने चाचणीत बिनचूक लिहून पूर्ण गुण घेतले होते. (गुण मीच दिले होते!) मग चौघं पुन्हा बसले. सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नाहीत, वरच्या थरातले जास्त ऊर्जेचे निसटतात, म्हणून मागे उरलेलं पाणी थोडं गार होतं, इथवर ते आपल्या शब्दांत आले. तेवढ्यात एकीने विचारलं, “म्हणून घाम वाळताना गार वाटतं का?” तो प्रश्न, त्यानंतरची शांतता आणि “अरे हो!” हे सगळं आम्ही रेकॉर्डिंगमध्ये तसंच ठेवलं.

याला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, दार लावलेलं आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, एवढं पुरतं. काटछाटीला ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 64 केबीपीएसला (सेकंदाला 64 किलोबिट) मोनोमध्ये, म्हणजे एकाच ध्वनिमार्गात, साठवलं तर 10 मिनिटांची फाइल 5 एमबीच्या आत बसते. रेकॉर्डिंग पालकांच्या परवानगीशिवाय शाळेबाहेर जाऊ नये. आणि सोबत लेखी संहिता हवीच, नाहीतर ज्याला कमी ऐकू येतं ते मूल आपणच बाहेर काढलं असं होईल.

मूल्यमापनाचं मात्र जपून. एका स्पर्धेत पहिला क्रमांक सुरुवातीच्या संगीताला गेलेला मी पाहिला आहे. आत मुलं विश्वकोशातला उतारा वाचत होती. मी आता गुण खर्ड्यांना देते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत काय खोडलं आणि का, ते पाहून. त्या गटाने पाच खर्डे केले. पाचव्यात ‘पृष्ठभागावरील रेणू’ हे शब्द एकदाच आले होते, आणि ते उच्चारताना तो मुलगा अडखळला नाही.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका