नाईट संपल्यावरची पाच मिनिटं

निफाड

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

नाईट ड्युटी संपते पण डोकं वॉर्डातच राहतं, अकरा-बारापर्यंत डोळा लागत नाही, असं म्हणालीस. फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो हो" करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते.

ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या हातात तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र देऊन "ओढा काका, अजून ओढा" म्हणत तू मागे लागतेस. धाप लागलेल्या आजोबांना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतेस. स्वतःच्या श्वासाकडे मात्र लक्ष नाही. (टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीत, न मोजताच सगळ्या वॉर्डाचं श्वसन १८ कसं येतं, ते मी विचारत नाही. मीही सिस्टरच होते.)

श्वास घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. एखाद्या तरुण पेशंटच्या मॉनिटरवर नीट बघ, दिसेल. म्हणून सोडणं लांबवायचं. ४ मोजत नाकाने घे, ६ मोजत सोड. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, ते असे ६ वर येतात. हात पोटावर ठेव. छाती नाही, पोट वर आलं पाहिजे. रोखून धरायचं नाही. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर जोर जास्त होतोय असं समज आणि थांब.

हँडओव्हर झाला की चेंजिंग रूममधल्या बाकावर पाच मिनिटं हे कर, मगच बाहेर पड. खोलीवर पडदे ओढून, मोबाईल लांब ठेवून पाच-सात वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजायची कटकट नाही. रूममेट हसली तर हसू दे. कपालभाती मात्र झोपायच्या आधी नको, त्याने उलट तरतरी येते. आणि बीपीवाल्या तुमच्या इन्चार्ज बाईंना तर ती सुचवूही नकोस.

हे कुणा बाबाचं खूळ नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तेव्हापासून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासला जातोय.

पण झोपेची उधारी श्वासाने फिटत नाही. पहाटे तीन-चारला अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा कितीही दीर्घ श्वास घेतलेस तरी डोळे मिटणारच. त्या वेळचं इंजेक्शन दोघींनी तपासूनच द्या. रात्रपाळी बहुधा कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा नाईटनंतरचा ऑफ भिडेखातर कुणाला देऊन टाकू नकोस. २०२७ चा सिंहस्थ आला की नाशिकमध्ये सुट्ट्यांची ओढाताण होणारच, आत्तापासून हक्काने मागायची सवय लाव. आणि प्राणायामाचं शिबिर घेतलं म्हणून कुणी स्टाफ वाढवायचं टाळत असेल, तर मीटिंगमध्ये तोंड उघड.

पुढच्या आठवड्यात ऑफ मिळाला तर ये. नाईटवरून परस्पर निघू नकोस, आधी झोप काढ. द्वारका चौकातल्या त्या गर्दीतून पेंगत स्कूटी आणायची नाही, बसनेच ये.

तुझी,
आई