बदाम सांगा, पण पूर्ण गोष्ट सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत डिप्रेशन घालवणाऱ्या पदार्थांची यादी आली, त्यात 'ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सिद्ध केलंय' एवढं एक वाक्य आणि पुढे सरळ अक्रोड, जवस, हळदीचं दूध. अहो, ते संशोधन म्हणजे डीकिन युनिव्हर्सिटीच्या फेलिस जॅका यांचं, २०१७ मध्ये छापून आलेलं, तेच असणार. त्यात माणसं होती फक्त ६७, चाललं १२ आठवडे, एका गटाला आहारतज्ज्ञ समोर बसून काय खायचं कसं खायचं सांगत होते आणि दुसऱ्या गटाशी कुणीतरी नुसत्या गप्पा मारायचं. पहिल्या गटातले साधारण ३२ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, दुसऱ्यातले ८. आकडा भारीच आहे, नाही कोण म्हणतंय. पण त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या नाहीतर थेरपी चालूच होती, आणि आपल्याला आहाराचं शिकवतायत हेही त्यांना दिसतच होतं, हे लेखात कुठेय?

आणि उलटी बाजू तर कुणीच लिहीत नाही. डिप्रेशनमध्ये पुष्कळांना वासच कमी येतो. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांच्या टीमने पेशंटच्या वासाच्या टेस्ट घेऊन हे बघितलंय. आता वास गेला की चवीत राहिलं काय, नुसतं खारट-गोड-आंबट. आमच्या नात्यातल्या एक काकू बरेच महिने अशा होत्या, लसणाची फोडणी दिलेली आमटी पुढ्यात, दोन घास चिवडायच्या आणि ताट सरकवायच्या, घरचे मागे लागलेले 'खा हो काकू, खाल्लंत की बरं वाटेल'. त्यात तुमची यादी व्हॉट्सॲपवर फिरली की झालंच, भिजवलेले बदाम घेऊन सगळे उभे, आणि नाही खाल्ले तर दोष परत त्यांचाच.

याच हुमेल यांनी वास गेलेल्यांसाठी एक सराव काढलाय, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, कोविडनंतर कितीतरी डॉक्टर हेच सांगत होते. (आता 'लवंग हुंगा, डिप्रेशन पळवा' छापू नका म्हणजे मिळवलं, तो सराव नाकासाठी आहे.)

चांगलं खावं यात वाद नाहीच. पण पुढच्या वेळी असा लेख घेतलात तर खाली चौकटीत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी टाका, फ्री आहे, मराठीतही बोलतात. लाडूच्या रेसिपीला जागा होते तर त्यालाही होईल.

तुमची नेहमीची वाचक,
डोंबिवली