गोठ्याच्या दारावर सरळ केलेली सायकल

मालवण, श्रावण

मेल्या,

फोनवर सांगितलं असतं पण इथे पावसात रेंजची बोंब. बाबांची 22 इंची सायकल आठवते ना, जिच्या दांडीवर बसून तू जत्रेला आलेलास? पुतण्याने कॅरिअरला एकाच बाजूला बर्फाची पेटी बांधली आणि उतारावर थेट गडग्यात घातली. नंतर मागचा टायर डावीकडे घासायला लागला. चाकाचा आऊट काढला (आरे कसून चाक सरळ केलं), चाक उलटं बसवून बघितलं, तरी डावीकडेच. म्हणजे चाक बरोबर, फ्रेमच वाकडी.

मग जिग, म्हणजे फ्रेम कसून मोजायचा साचा, करायचं खूळ घेतलं. गोठ्याचं जुनं फणसाचं दार आडवं टाकलं, त्यात आटेवाला रॉड उभा केला, बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस फिरतो त्या नळीचे) कप काढून फ्रेम त्या रॉडवर जाड वॉशर लावून आडवी कसली आणि दारापासून प्रत्येक नळीची उंची मोजत बसलो. मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांचा मध्य 5 मिमी डावीकडे! बांबूचा दांडा घालून थोडं थोडं दाबत गेलो, लोखंड परत उसळतं म्हणून दर वेळी जरा जास्तच दाबायचं, आणि मागच्या दोन्ही नळ्या सारख्याच सरकवायच्या, नाहीतर खाचांमधलं अंतर बदलतं. दीड तासाने जिगवर एकदम परफेक्ट.

चाक लावलं तर टायर आता उजवीकडे घासतोय! आई दारातून म्हणते, "झाली का सरळ?"

शेवटी सुतळी काढली. एका खाचेपासून पुढच्या हेड ट्यूबला (हँडलच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडे मोजलं, 31 आणि 28 मिमी. फरक 3 म्हणजे तिथे चूक त्याच्या निम्मी, दीडची, मागे खाचांपाशी तीच अडीचच्या वर. मग डोक्यात आलं म्हणून फ्रेम जिगवर उलटी करून मोजली. जिग खरं असतं तर उलटी केल्यावरही परफेक्टच आली असती, पण आता काही मिमीचा फरक, म्हणजे चूक दारातच. दार मी वैशाखात रंधा मारून सपाट केलेलं रे, श्रावणात त्याने पाणी पिऊन पोट काढलं! हे उलटं करून बघणं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आळस नडला.

आता नव्या जिगसाठी भंगारातून 75 मिमीचे लोखंडी चॅनल आणलेत, तीन फाटे बोल्टने जोडलेत. वेल्डर म्हणाला दोन मिनिटात टाके मारतो, पण वेल्डिंगने चॅनल ओढला जातो म्हणून नको म्हटलं. खाऱ्या हवेत गंज धरतो, म्हणून रोज खोबरेल पुसतोय, आई तेलाची बाटली लपवते. सायकल मात्र सुतळीवर अर्ध्या मिमीत आली.

येताना बारीक मोजायला तुझा व्हर्नियर आण. तुझी अॅल्युमिनियमची सायकल मात्र नको आणूस, ती वाकवून सरळ करायला गेलं की तडा जायची भीती, मी हात लावणार नाही.

बाबा कालच सायकलवरून बाजारात जाऊन आले. म्हणे ती पूर्वी जरा डावीकडे ओढायची, आता ओढत नाही, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

तुझाच,
मी